इंधन खर्च शून्य

१० नोव्हेंबर, सकाळी ७.४०
आजपासून मेहुण्याची राइस मिल वाचवायची. मेहुणा म्हणजे नूतनचा भाऊ श्यामलाल. कामठा रोडवर उसना, म्हणजे धान उकडून केलेला, तांदूळ काढतो, बावीस माणसं कामाला. ५ डिसेंबरपर्यंत सरकारी भरडाईचा तांदूळ गोदामात पोचला नाही तर बँक कुलूप लावणार. नूतन दोन दिवस धड जेवलेली नाही. तिला म्हटलं, एकोणीस वर्षं बँकेच्या वसुली विभागात बुडत्या कंपन्याच पाहिल्या आहेत. ती म्हणाली, पाहिल्या, वाचवली एकही नाही. टर्नअराउंडचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स मी फर्स्ट क्लासमध्ये केला आहे, हे ती दर वेळी विसरते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
किळस. दुसरा शब्द नाही. हौदात भिजणाऱ्या धानाचा आंबूस वास शर्टाला चिकटून घरापर्यंत आला. भिंतींवर खर्र्याच्या, म्हणजे इथल्या तंबाखू-सुपारीच्या, पिचकाऱ्या. चहात भुसा, डोळ्यात भुसा, डब्यातल्या वरणात भुसा. आवारात भुशाचा डोंगर आणि त्यावर चार कुत्री झोपलेली. बॉयलर हाउसच्या दारातच घोटाभर राख. आत गेलो नाही. पुनर्रचना ऑफिसात बसून होते.
वह्या पाहिल्या. सगळा आनंदीआनंद. एकच रकाना बरा: इंधन खर्च शून्य. म्हणजे या उकिरड्यात एक तरी गोष्ट शिस्तीत आहे. बाजूला हिरवी खूण केली.
श्यामलाल धान बघायला केशोरीकडे गेला. जाताना सगळे अधिकार लिहून दिले. म्हणाला, जवाईबुवा, आता तुमीच पाहा. पाहतोच.

१२ नोव्हेंबर
खर्राबंदीची नोटीस लावली. दुपारी नोटिशीवरच पिचकारी. नेमकी माझ्या सहीवर.
संकल्प: उद्यापासून पहाटे सहाला अचानक तपासणी.

१३ नोव्हेंबर
थंडी फार. तपासणी अचानक असेल तर ती रोज करायची नसते.

१४ नोव्हेंबर
सगळ्यांना गोळा करून प्रेझेंटेशन दिलं. चौसष्ट स्लाइड. नवव्या स्लाइडला लाइट गेली, उरलेल्या पंचावन्न तोंडी सांगितल्या. बायका खाली मान घालून ऐकत होत्या. नंतर कळलं, धान निवडत होत्या. बॉयलरवाला गोवर्धन, वीस वर्षं इथेच, अंगभर राख, मध्येच उभा राहिला. साहेब, एक गोस्ट होती म्हणाला. त्याला सांगितलं, गोष्टी लेखी द्यायच्या, सूचनापेटीत टाकायच्या, पेटी पुढच्या शुक्रवारी उघडेल. शिस्त कुठून तरी सुरू व्हायला हवी.

१७ नोव्हेंबर
सुचलं! दुपारी भुशाचा कण डोळ्यात गेला आणि त्याच क्षणी सुचलं. कोर्समध्ये होतंच: कामाची नसलेली मालमत्ता आधी विका. गोंदियात टिंकू म्हणून भुशाचा व्यापारी आहे, वीज कारखान्याला पुरवतो. त्याला बोलावून वर्षाचा करार केला. असलेला सगळा डोंगर आणि पुढे निघेल तो सगळा भुसा त्याचा. एक टोपलंभर जरी मिलने ठेवला तर रोजचा दंड. हे कडक कलम मीच घातलं, म्हणजे आपली माणसं चोऱ्या करणार नाहीत. टिंकूने कलम दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं, मग हसत सही केली. सज्जन माणूस.

१९ नोव्हेंबर
डोंगर गेला! चौदा ट्रक. पहिल्यांदा आवाराची जमीन दिसली. गोवर्धन ट्रकच्या आडवा येऊन ओरडत होता, काऊन नेऊन राहिले बे, काऊन नेऊन राहिले. घाणीवरही माणसांचा जीव जडतो. त्याला पेटी दाखवली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
पेटी उघडली. खर्र्याच्या तीन रिकाम्या पन्न्या आणि एक चिठ्ठी. गोवर्धनची. साहेब, भुसा गेला, उद्यापासून बायलरात काय घालाचं?
वीस वर्षांच्या अनुभवी माणसाने हे मला विचारावं! अकार्यक्षमतेचा लेखी पुरावा. फाइल केला.

२२ नोव्हेंबर, दुपारी ३.१५
बॉयलर बंद. चारही हौदांत मिळून तीनशे क्विंटल धान भिजलेलं, आणि वाफ नाही. हा संप आहे. घातपातही असू शकतो. स्वतः जाऊन बघतो.

३.४०
बॉयलर भुशावर चालतो.

२३ नोव्हेंबर
शांतपणे विचार करता माझी चूक दिसत नाही. बॉयलर कशावर चालतो ही माहिती मला कोणी लेखी दिलेली नव्हती. चिठ्ठी होती, पण त्यात प्रश्न होता, माहिती नव्हती. आणि वहीत इंधन खर्च शून्य लिहिणाऱ्याला काय म्हणावं?
टिंकूला फोन केला. म्हणाला, देतो ना साहब, तिप्पट भाव. शिवाय भुसा मिलमध्ये उतरला की दंड लागू. हे कलम अमानुष आहे म्हटलं तर खो खो हसला. निर्लज्ज.

२४ नोव्हेंबर
हौदांवर फेस. असा वास आयुष्यात घेतला नव्हता. ऑफिसच्या मागे जाऊन ओकलो. श्यामलाल केशोरीहून परत आला. चारही हौदांत डोकावला आणि तिथेच ओल्या फरशीवर बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तरी नोंद करून ठेवतो, अधिकारपत्रावर सही त्याची आहे.

२५ नोव्हेंबर
अंगात कणकण. मिलवर गेलो नाही. नूतन गेली. संकल्प: बरा झाल्याबरोबर नवा आराखडा.

२७ नोव्हेंबर
नूतन तीन दिवस सकाळी जाते ती अंधार पडल्यावर येते. अंगाला तोच वास. माझ्याजवळ बसून जेवते, मला जेवण जात नाही. तिच्याकडून कळलं ते असं: गोवर्धन शेजारच्या मिलांमधून फिरला. एवढ्या वर्षांत त्यांचे बॉयलर बिघडले की हाच फुकट दुरुस्त करून द्यायचा. प्रत्येकाने ट्रॅक्टरभर भुसा पाठवला. बायकांनी दोन हौद उपसून धान उन्हात पसरलं. निम्मं वाचलं, निम्मं कोंबड्यांच्या खाद्याला गेलं. टिंकूचं काय, विचारलं. त्याची आई म्हणजे नूतनच्या शाळेतल्या बाई. नूतनने बाईंना फोन केला. टिंकू संध्याकाळी येऊन करार फाडून गेला, आणि नूतनच्या पायाही पडला म्हणे.
मी नसताना माणसं स्वतः निर्णय घ्यायला लागली. कोर्समध्ये याला नेतृत्वाचं सर्वोच्च टोक म्हटलं आहे.

२ डिसेंबर
बँकेच्या रश्मी मॅडम पाहणीला आल्या. वय तिशीच्या आत. मी कोट घालून, चौसष्ट स्लाइड घेऊन तयार. मॅडम म्हणाल्या, नंतर बघू, आणि सरळ बॉयलर हाउसमध्ये शिरल्या. राखेतून, सँडलवर! तासभर गोवर्धनशी बोलत होत्या. मग नूतनशी, हौदाच्या कठड्यावर बसून. बाहेर कोट घालून उभा राहिलो. नंतर म्हणजे कधी, ते सांगितलं नाही.

५ डिसेंबर, संध्याकाळी ५.१०
शेवटचा ट्रक मुदतीच्या वीस मिनिटं आधी गोदामात पोचला. फोन आला तेव्हा नूतन रडली. मलाही भरून आलं. पुनर्रचना यशस्वी. नागपूर-गोंदिया पट्ट्यातल्या आणखी मिलमालकांसाठी माहितीपत्रक काढावं म्हणतो. फोटो कोटातला.

८ डिसेंबर
बँकेचं पत्र आलं. वर्षभर मुदतवाढ! अटी तीन. भुशाचा महिन्याभराचा साठा आवारातच ठेवावा. बॉयलरसंबंधी कोणताही निर्णय गोवर्धन यांच्या सहीशिवाय घेऊ नये. तिसरी अट: सध्याच्या सल्लागारांनी मिलच्या आवारात येऊ नये.
संताप झाला. बँकेला आतल्या गोष्टी काय माहीत? कोणीतरी कान भरले. गोवर्धन, नाहीतर तो टिंकू. मसुदा लिहायला घेतला, अट क्रमांक तीन तातडीने वगळणेबाबत. नूतन जवळच तांदूळ निवडत बसली होती. तिला म्हटलं, जरा वाच, भाषा सौम्य वाटते का.
तिने वाचलं. म्हणाली, तिसरी अट मीच घालायला लावली.
तिच्या हातांकडे पाहत राहिलो. उजव्या मनगटावर भाजल्याचा लांब डाग, खपली धरलेली. हे कधी झालं, विचारलं.
म्हणाली, पंधरा दिवस होऊन राहिले.