थंड हाताचा तपास

३ तारीख, सोमवार
हॉस्पिटलात हात-स्वच्छता तपासनीस म्हणून रुजू. कोण हात धुतो, कोण नुसते ओले करतो, गुपचूप टिपायचं. धोरण ठरलं: आपण बेसिनकडे फिरकायचं नाही. तपासनीसच हात धुताना दिसला की स्टाफ सावध होतो.
याच वॉर्डात आत्या आहे. पोटाचं ऑपरेशन झालंय. तिनंच मला वाढवलं. तिच्या वाऱ्याला जंतू उभा राहणार नाही.

५, बुधवार
कोपऱ्यातल्या खाटेवरचे मास्तर गेले. जखम चिघळली. परवाच मी त्यांची उशी सारखी करून दिली होती. वाईट वाटलं. डॉक्टरांच्या नावापुढे फुली मारली.

६, गुरुवार
आत्या घाबरलीय. दुपारी डोळा लागला की कुणीतरी कपाळावर हात ठेवतं म्हणे. थंडगार. शेजारच्या आजी म्हणतात, मास्तरच फिरतात. आत्याची समजूत घातली: रोज दुपारी मी स्वतः तुझा ताप बघून जातो, मला तर कुणी दिसत नाही.
घरी येताना मात्र जिन्यात सारखं मागे वळून पाहिलं.

८, शनिवार
आत्याला ताप. टाके लाल झालेत. कुणाच्या तरी हातानं जंतू गेलेत, सिस्टर म्हणाल्या. त्या माणसाला सोडणार नाही.
सोमवारी सापळा. एक जेल मिळते, एरवी दिसत नाही, निळ्या टॉर्चखाली चमकते. मास्तरांच्या खाटेच्या कठड्याला लावायची. हात न धुणारा जाईल तिथे छाप सोडेल. आता पळतो कुठे.

१०, सोमवार, दुपारी
जेल नीट बोटांनी फासली. बोटं रुमालाला पुसली. आत्याला पाहून आलो. झोपली होती. कपाळ तापलेलं.

सायंकाळी
पडदे ओढले, दिवे घालवले. सिस्टरांनी टॉर्च फिरवला. डॉक्टर स्वच्छ. आयाबाई स्वच्छ. कठड्यापासून निघालेली निळी बोटं आत्याच्या खाटेपर्यंत. पेल्यावर, उशीवर. तिच्या कपाळावर अख्खा पंजा. माझ्या अंगावर काटा आला. मास्तरच, मी म्हणालो. सिस्टरांनी टॉर्च माझ्या हातांवर धरला.

११, मंगळवार
जेल हलक्या प्रतीची असावी. तक्रार करणार.
आत्यानं दुपारी विचारलं, कोण होता ते सापडलं का. सापडलं म्हणालो. मग जवळ ये की, म्हणाली, दारात का उभा आहेस.
बेसिनपाशी गेलो. साबण लावला, धुतले, परत लावला. खूप भीती वाटत होती. आत्या हाका मारत राहिली. नळ बंद करायला त्याला हात लावावा लागतो. तेवढा धीर होईना.