नातवाच्या पायातली दोरी

१ ऑगस्ट, पहाटे ५
उठलो. प्रत्यक्षात जाग साडेसहाला आली, पण निर्धार पाचचा होता म्हणून पाच लिहिले आहे.

काल आमच्या मुलीचा, बुरुलचा फोन आला. नातू एल्दियार धरून धरून उभा राहतो, आता पाऊल टाकेल. तिच्या सासरी महिनाअखेरीला दोरी कापायचा समारंभ आहे. पोराच्या पायांना काळी-पांढरी दोरी बांधायची, दुरून माणसं धावत यायची, पहिला पोचेल त्याने सुरीने दोरी कापायची. पोर पुढे जन्मभर त्याच्यासारखं निघतं. एरवी गावातली मुलं धावतात. या वेळी व्याह्यांनी काढलं आहे की दोघा आजोबांनीच धावायचं. एक मी. दुसरे ते स्वतः, शाकिर. त्यांची सगळी उमर कोचकोर ते बिश्केक बस चालवण्यात गेली, गुडघे केव्हाच कामातून गेलेत. निकाल लागल्यातच जमा आहे.

तरी गाफील राहायचं नाही. मोबाइलवर एक ट्रेनर येतो, तो म्हणतो, शर्यत पायांची नसते, मनाची असते. मन पोलादी करायचं. आजपासून पहाटे धावणे, गार पाण्याने अंघोळ, नस्वयची तंबाखू पूर्ण बंद.

३ ऑगस्ट
धावलो नाही. ढग होते.
गार पाणी चालू केलं. सुरुवात हातांपासून.
नस्वय बंद. जेवणानंतर जिभेखाली चिमूटभर ठेवतो ती पचनासाठी, ती यात धरत नाही.

जुमागुल चहा ओतताना म्हणाली, अहो, एवढी ताकद उतू जात असेल तर अंगणातल्या न्हाणीघरावर आधी छप्पर घाला. बायकोला माइंडसेट म्हणजे काय ते समजावणं कठीण आहे. न्हाणीघर अर्धवट राहिलेलं नाही. टप्प्याटप्प्याने चालू आहे.

७ ऑगस्ट
धावलो! कबरस्तानापर्यंत जायचा बेत होता. पुलापर्यंत झालं. तिथे गावातल्या सापारची घोडी बांधलेली, तो दूध काढत होता. कुठे आग लागली का, असं त्याने विचारलं. मी शर्यतीचं सांगितलं तर बादली बाजूला ठेवून हसला. मग घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस पुढे केलं. दिलेली वाटी परत करणं उद्धटपणा झाला असता, आणि नम्रता हाही शिस्तीचाच भाग आहे. चार वाट्या झाल्या. परत येताना त्याच्याच गाडीतून आलो. एकूण प्रगती समाधानकारक.

१२ ऑगस्ट
मीच बुरुलला फोन केला. म्हटलं, तयारी जोरात आहे.  ती म्हणाली, बाबा, तुमचं बीपी आहे, नाही धावलात तरी चालेल हं. पोरीची माया. मी म्हटलं, वेडे, बीपीचं काय घेऊन बसलीस, तुझा मुलगा माझ्यासारखा निघेल बघ.
त्यावर म्हणाली, म्हणूनच सांगतेय.
आणि फोन बंद. त्यांच्याकडे रेंज नसते.

दुपारी
रेंज चांगली असते त्यांच्याकडे. काल तासभर आईशी बोलत होती.

जुमागुलला विचारलं की पोरीला म्हणायचं काय आहे. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, नर्सिंगचं पहिलं वर्ष झाल्यावर तिला बिश्केकहून परत कोणी बोलावलं, ते आठवून बघा. आता यात माझा काय संबंध? मी टॅक्सी सोडली आणि तिच्या फीचे पैसे थांबले, ते कमरेमुळे. त्याआधी मधमाश्या सोडल्या त्या माश्यांमुळे. परिस्थितीपुढे कोणाचं चालतं का?

जेवण गेलं नाही. भूक नव्हती, एवढंच.

१३ ऑगस्ट, सकाळ
नस्वयची डबी ओढ्यात फेकून दिली. आता मागे वळणे नाही.

१३ ऑगस्ट, दुपार
ओढा उथळ आहे. डबी चांगली घट्ट झाकणाची आहे.

१९ ऑगस्ट
ट्रेनरने नवीन सांगितलं. आधी डोळे मिटून विजय पाहायचा, शरीर आपोआप मागून येतं. हे मला जास्त जमण्यासारखं आहे. ओसरीवर आडवा होऊन दोनदा जिंकलो. तिसऱ्या वेळी निम्म्या मैदानात झोप लागली.

पहाटेचं धावणं तात्पुरतं स्थगित.

२६ ऑगस्ट
आज जुमागुलने दार लावून घेतलं आणि समोर बसली. म्हणाली, आता ऐका. बुरुल फोनवर रडली. तुम्ही धावू नये असं तिला वाटतं, पण बापाला तोंडावर कसं सांगणार? तिचं म्हणणं एवढंच आहे की पोराने हाती घेतलेलं तडीला न्यावं. तिच्यासारखं मधेच काही सोडायची पाळी त्याच्यावर येऊ नये.

मी म्हटलं, म्हणजे तिला शाकिर हवेत? बस चालवणारा माणूस?
ती म्हणाली, तो रोज गेला आणि रोज परत आला.

संताप झाला.  माझीच मुलगी. हिला खांद्यावर बसवून मी जत्रेत घोड्यांच्या शर्यती दाखवल्या आहेत.

आता तर जिंकणारच. जिंकून, दोरी कापून तिच्या हातात देईन. मग कळेल तिला बाप काय चीज आहे.

२७ ऑगस्ट
कबरस्तानापर्यंत धावलो. न थांबता. खरंच. कोणी पाहिलं नाही.

३१ ऑगस्ट
समारंभ पार पडला.

व्याह्यांच्या घरामागच्या कुरणात शर्यत. सगळं गाव जमलेलं, आमच्याकडून सापारही आलेला. व्याह्यांनी टोपी काढून बायकोकडे दिली, मी कोट काढला. इशारा झाला आणि दहा पावलांत ते मागे पडले. त्यांचं धापा टाकणं ऐकू येत होतं. मला धाप नव्हती. पाय जमिनीला लागत नव्हते म्हटलं तरी चालेल. सापार ओरडत होता, ओमुरबेक, अरे ओमुरबेक, तुला झालंय तरी काय!

समोर सतरंजीवर एल्दियार उभा होता, पायांत दोरी. बुरुलने त्याला काखांखाली धरलेलं. लोकांसाठी ती हसत होती. मी जवळ आलो तसं तिने पोराला मागे ओढलं. एवढंसंच. तिचं तिलाही कळलं नसेल.

तेवढ्यात पायात गोळा आला. खाली बसलो. इलाज नव्हता.

व्याही लंगडत शेजारून गेले, थांबून मला उचलायला लागले, मी हातानेच पुढे जा म्हटलं. त्यांनी दोरी कापली. पोराने तीन पावलं टाकली आणि चौथ्याला बसलं. बायकांनी तळलेल्या कणकेचे बोरसोक आणि चॉकलेटं उधळली. सापार म्हणाला, बघा, गड्याने हेही अर्ध्यावर सोडलं. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

पायात गोळा आला होता. दुसरं काही लिहायचं नाही.

नंतर मंडळी जेवायला बसली. मी कुरणातच होतो. बुरुल आली, गवतात बसली आणि माझा पाय मांडीवर घेऊन चोळायला लागली. कुठे दुखतं ते विचारलं नाही. मी म्हटलं, अगं पाहुणे खोळंबलेत, जा तू. ती म्हणाली, बसा हो बाबा. 

बराच वेळ चोळत होती. पाय दुखत नव्हता. मी तसं सांगितलं नाही.