पेटाऱ्यातले पात्र

३ फेब्रुवारी
मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, निवृत्त लेखापरीक्षक, वय चोपन्न. सासुरवाडीची मंडळी मला ‘साडूबुवा’ म्हणतात. तेवढी ओळख पुरे. माझे थोरले साडू चित्रपट-संग्रहालयाचे प्रमुख आहेत. हरवलेला एक विनोदी मूकपट त्यांना सापडला आहे. तो ज्या नाटकावरून बेतला, त्याच्या संहितेशी पडताळून संवादांच्या पाट्या नव्याने लिहिणे, हे माझे काम. खोली उजेडाची, टेबल भक्कम. “या कामाला तुम्हीच पात्र,” साडू म्हणाले. निवृत्तीनंतर इतके बरे मला कोणी बोलले नव्हते. पत्नीने तर हौसेने माझा जुना चौकड्यांचा कोट बॅगेत घातला.

५ फेब्रुवारी
नाटक असे: आगंतुक साडू मुक्काम हलवीत नाही, म्हणून यजमान त्याला पेटाऱ्यात कोंडतात, अखेरीस मेहुणीला दया येते आणि ती झाकण उघडते. मूकपटात मात्र साडूच नाही. मंडळी रिकाम्या खुर्चीला नमस्कार करतात, चहा देतात, पोट धरून हसतात. फिल्म कोठेही कापलेली नाही. सांधे मी भिंगाने तपासले. यंत्रचालक सहज बोलून गेला की, आधी प्रमुखांचे सर्वांत धाकटे साडू या कामावर होते, तेव्हा खुर्ची भरलेली दिसायची. पुढे फिल्म झिजली.
धाकटे साडू घर सोडून गेले, असे आम्हांस सांगितले होते.

८ फेब्रुवारी
आज खुर्चीत कोणी पाठमोरे बसले आहे. कोट चौकड्यांचा. माझा खुंटीवर नाही. चहावाल्याला हाक मारली, पुन्हा मारली. त्याने मान वळवली नाही. घसा ठीक आहे. आवाज —

९ फेब्रुवारी
साडूंना जाब विचारला. ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले, “पात्र म्हटलं होतं, साडूबुवा. लायक नव्हतं म्हटलं.” दारातून जाता जाता म्हणाले की, कोट माझ्या पत्नीनेच निवडला, मला कोणता शोभतो, हे तिच्याइतके कोणाला —

करडा उजेड. झाकणाची फट. समोर खुर्च्या — साडू, मेहुणी, आणि शेजारी — माझी —
पोट धरून हसताहेत. आवाज नाही.
हे पाटीवर लिहितो आहे. कोणी वाचले तर — संहितेप्रमाणे मेहुणीने आता उठून —
नाही. तो प्रवेश मूकपटात घेतलेलाच नाही.

आपला,
साडू
स्थळ: पेटारा
दिनांक —