बिळात लिंपलेली काकणं

॥ श्री ॥
दुसरबीड, ता. २८-१२-६३

सौ. सिंधू सूनबाईस झुंबरबाईचा आशीर्वाद.

आईच्या वर्षश्राद्धाले माहेरी गेली ते बरोबर केलं, पण जाताना चुलीमागची बिळं काऊन उघडी ठेवली? मी सांगितलं होतं की नाही? उंदरांनी ज्वारीचं पोतं तळातून फोडलं. शेषरावाच्या नव्या सदऱ्याची बाही खाल्ली. त्याले, तुझ्या नवऱ्याले, सांगावं तर म्हणते, आई, मांजर पाळ. आहे ते मांजर दूध पिऊन चुलीपाशी लोळते, अन् उंदीर त्याच्या अंगावरून जातात.

शेवटी मीच पदर खोचला. नुसती माती उंदीर उकरून टाकते, आत काच लागते. तुझ्या पेटीवरच्या डब्यात फुटक्या बांगड्या सापडल्या. त्या कुटल्या, शेणमातीत कालवल्या, बिळं गच्च लिंपली. आता एक उंदीर येत नाही. फुटकी काच डब्यात जपायची, ही कुठली रीत? असो. तुझ्या वडिलांस नमस्कार सांग. लोभ आहेच, कामही पडलं आहे, लवकर निघ.

झुंबरबाई

पिंपळगाव राजा, ता. २-१-६४

ती. आत्याबाईंच्या चरणी सिंधूचा नमस्कार. वि. वि.

पत्र पावलं. ती काकणं लग्नात आईनं भरवली होती. कासार भरत होता तेव्हा माझा हात तिनं हातात धरला होता. एकेक वाढवलं तसं मी जपून ठेवलं. तिची लुगडी भावजयांनी वाटून घेतली. माझ्याजवळ तिचं तेवढंच होतं.

बिळं उघडी राहिली ही माझी चूक. एसटीची वेळ झाली होती. विचारलं असतं तर इथून बाटलीची काच धाडली असती.

संक्रांतीला येणार होते. बाबा म्हणाले, थोडी राहा. मी नाही म्हटलं नाही. लोभ असू द्यावा.

आपली सून
सिंधू

॥ श्री ॥
दुसरबीड, ता. ७-१-६४

सिंधूस आशीर्वाद.

तुझं पत्र शेषरावानं वाचलं अन् ताट सरकवलं. म्हणाला, आई, कशाले हात लावायच्या आधी तुले विचारता येत नाही का? हाव, नाही येत मले. पण डब्यात काय आहे, हे मले कोणी सांगितलं होतं?

बिळं उकरली. माती बादलीत भिजवून चाळणीनं धुतली. पाट्यावर कुटलेलं परत अख्खं कुठून होणार? जेवढं हिरवं दिसलं तेवढं निवडून तुझ्या डब्यात ठेवलं. बोटं कापली, ते जाऊ दे. मी फुटक्या लिहिलं ते चुकलं. वाढवलेल्या. माझी माय गेली तेव्हा तिचं मी काहीच मागून घेतलं नाही. परवापासून सारखं तेच मनात येऊन राह्यलं.

एक तुकडा कुटायचा राहून गेला होता, सोनेरी ठिपक्यांचा, करंगळीएवढा. तो बिळात खोल रुतला आहे. विळ्यानं निघत नाही. काढायचा तर भिंत फोडावी लागन. भिंतीचं काही नाही, अंगणात चूल मांडीन. पण माझा हात कसा जड आहे तुले माहीत आहे, तोही तुकडा मोडला तर मी काय करू?

तोवर बिळं उघडीच ठेवली आहेत. उंदीर परत आले. पोतं खाऊन राह्यले, खाऊ दे.

मी फोडू, का तू येऊन हलक्या हातानं काढते? राग लिही, शिव्या लिही, पण भोगीच्या आत लिही.

तुझी सासू
झुंबरबाई