‘आजची राख’ कुळाबाहेर देण्याबाबत

मी, रेल्मा तोकुबाक, वय बावन्न, धंदा अंडी विकणे, राहणार वुनातिप, रबाऊलच्या आखाताकाठी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. सडलंय ते तोंड. जन्मभर सुपारी-चुना चघळल्याचं ते फळ आहे, त्यात कुणाची करणी नाही. माझ्यामागे कुणी कुणावर करणीचा आळ घेतला तर त्याने माझ्या मयताला येऊ नये. पुढच्या आठवड्यात लाएच्या इस्पितळात माझी जीभ कापणार आहेत. डॉक्टर म्हणतात, बहुधा वाचाल. ‘बहुधा’ या शब्दावर मी कधी अंड्यांची टोपलीसुद्धा उधार दिली नाही, म्हणून हे आधी लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. कायद्याची भाषा जमेल तशी वापरली आहे. कुणाच्या धाकाने किंवा भिडेने लिहीत नाही. भीड मला नव्हतीच कधी.

एक. माझं घर ज्या जमिनीवर आहे ती आईच्या कुळाची. आगीच्या डोंगराच्या पायथ्याची ऊन वाळू, जिथे रानकोंबड्या अंडी पुरतात आणि आम्ही उकरून काढतो, तीही कुळाचीच. त्याबद्दल लिहिणारी मी कोण? ती आहे तिथेच राहील. पण वरचं पत्र्याचं घर आणि पाण्याची टाकी मी माझ्या कष्टाने उभी केली, ती माझी बहीण लेविता हिला द्यावी. सोबत एक काम लावून देते. राख पडू लागली की पन्हाळीचा पाइप टाकीपासून आधी काढायचा आणि मग प्रार्थनेला बसायचं. लेविता नेहमी उलटं करते आणि मग आंबट पाण्याचा चहा आम्हाला पाजते.

दोन. माझं शिंपल्यांच्या माळांचं चाक, लोलोई, म्हणजे आमच्या रीतीचा साठवलेला पैसा, भाऊ एरेमासकडे आहे. ते रीतीप्रमाणे कापून मयताला येणाऱ्या सगळ्यांना वाटावं. ज्या ट्रकवाल्याने गेल्या वर्षी खोट्या बातमीच्या दिवशी पळणाऱ्या माणसांकडून तिप्पट भाडं घेतलं, त्यालाही तुकडा द्यावा. रीत मोडायची नाही. फक्त देताना सगळ्यांसमोर त्याचं नाव मोठ्याने घ्यावं.

तीन. धर्मशिक्षक तोमिल यांना माझी छत्री. जमीन कशी हलते ते सांगताना मी एकदा ब्लॉगवर लिहिलं होतं की एक चटई दुसरीखाली सरकावी तशी ती सरकते. त्यावर हे चर्चमध्ये म्हणाले, रेल्मा आज जमिनीची चटई करतेय, उद्या देवाची उशी करील. लोक हसले. मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच अंगणात राखेचा थर बघायला जाऊन बसले. माणूस वाईट नाही. डोकं झाकायला काहीतरी हवं त्यांना.

चार. आता मुख्य गोष्ट. माझा ब्लॉग, नाव ‘आजची राख’, आणि तो ज्याच्यावर लिहिते तो फोन.

चौऱ्याण्णव साली डोंगर फुटला तेव्हा हादऱ्यांवरून ओळखणारे म्हातारे होते, म्हणून आम्ही वेळेत पळालो. ते म्हातारे आता गेले. वेधशाळेचं पत्रक येतं, पण ते इंग्रजीत. बाजारातल्या बायांनी त्याचं काय करावं, पुडी बांधावी? म्हणून मी वेधशाळेतल्या किलाबाईंना फोन लावायची, समजेपर्यंत त्यांना सोडायची नाही, आणि मग आमच्या भाषेत लिहायची. धूर पांढरा की करडा, वारा कुणाच्या छपरावर, आज अंडी उकरायला जावं की नाही. दूर टोंगा बेटांकडे समुद्राखालचा डोंगर फुटला तर लाट आपल्याकडे येते का, तेही. किलाबाईंनी सांगितलं नाही ते मी कधी लिहिलं नाही. डोंगर कधी फुटणार हे लोक रोज विचारत. मी रोज लिहायची, कुणालाच ठाऊक नाही, झोपा.

गेल्या वर्षी मी डॉक्टरला तोंड दाखवायला कोकोपोला गेले आणि फोन घरी राहिला. लेविताचा मुलगा हॉसिया याने तो उचलला, चौऱ्याण्णवचा फोटो शोधून माझ्या ब्लॉगवर चढवला आणि वर लिहिलं, ‘आत्ता फुटला, पळा.’ डोंगर त्या दिवशी जेवून पडलेल्या डुकरासारखा निवांत होता. गाव मात्र उठलं. ट्रकांत माणसं पोत्यांसारखी भरली. शेजारच्या पाड्यातली म्हातारी इयावात मागच्या फळीवरून खाली पडली ती पुन्हा उठलीच नाही.

आमच्यात मावशीलाही आईच म्हणतात. हॉसिया माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “आई, एवढी माणसं तुझ्या ब्लॉगवर कधी आली होती का?”

त्याला मी काय केलं ते गावाला माहीत आहे. त्याच्या कानालाही माहीत आहे. एरेमास म्हणाला, पोर आहे, जाऊ दे. सव्वीस वर्षांचं पोर मी दुसरीकडे पाहिलं नाही.

त्यानंतर खरोखर राख पडली. मी लिहिलं, पाइप काढा. लोकांनी खाली लिहिलं, हे रेल्मा सांगतेय की हॉसिया? कुणी पाइप काढला नाही. टाक्या नासल्या, पोरं ओकत बसली. जे उभं करायला माझी एवढी वर्षं गेली ते त्या गाढवाने एका दुपारी मोडलं. हा राग माझ्याबरोबर पुरला जाणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आता एरेमासचं म्हणणं असं की भाचा वारस, कुळाची वस्तू कुळात राहावी, ब्लॉग हॉसियाला द्यावा. परवा त्यासाठी माझ्या ओट्यावर येऊन बसला होता.

“कुळाबाहेर दिलास तर लोक थुंकतील, रेल्मा.”

“थुंकू देत. निदान तेवढा वेळ खोटं बोलायला तोंड तरी मोकळं नसेल.”

तो चिडून गेला. त्याच्यासाठी इथे पुन्हा सांगते. जमीन कुळाची, वाळू कुळाची. पण माझं वाचून जी बाई पोराला घेऊन पळते किंवा पोराला कुशीत घेऊन झोपते, ती कुठल्या कुळाची हे डोंगर विचारत नाही. तो ब्लॉग तिचा आहे.

सबब ‘आजची राख’, फोन आणि त्याचं कुलूप उघडायचा शब्द मी दोर्का तोलुंगा हिला देते. दोर्का ही इयावातची मुलगी, दुसऱ्या कुळाची. ती मला आवडत नाही, मी तिला आवडत नाही. आई गेल्यापासून ती रोज माझ्या लिखाणाखाली शिव्या घालते. पण शिवी घालण्याआधी ओळन् ओळ वाचते. “वारा काल आग्नेयेचा होता, डोळे आहेत की पपईच्या बिया?” असं तिने लिहिलं, मी किलाबाईंना विचारलं, आणि वारा आग्नेयेचाच निघाला. बाकी सगळे मला सांभाळून घेतात. ही एकटी घेत नाही. राखेच्या बातमीला असलंच माणूस हवं.

मी निरोप धाडला होता. तिचं उत्तर आलं, “दे. पण तुझं जुनं मी काहीही पुसणार नाही. माझ्या आईचा दिवससुद्धा.” पुसू नये. हीच अट मी घालणार होते.

हॉसियाला माझं अंडी उकरायचं फावडं. त्याने रोज वाळूत जावं. पोटासाठी घाम गाळला की माणसाला उगाच ओरडायला वेळ मिळत नाही. त्याने फोनला हात लावल्यास फावडंही काढून घ्यावं.

पाच. मी मेले तर ती बातमी ‘आजची राख’वरच जावी, आणि ती दोर्कानेच लिहावी. एरेमासने सांगितलं म्हणून नाही, लेविता रडते म्हणून नाही, फोनवर ऐकलं म्हणून तर मुळीच नाही. आई गेल्यावर दोर्काने शपथ घेतली आहे की माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. तिने यावं, आत यावं, चादर काढून माझं तोंड स्वतः पाहावं आणि मगच लिहावं. तोवर कुणी मला मेलेली म्हणू नये.

हे सगळं मी स्वतः लिहिलं, दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं आणि सही केली. वाचताना तोंड दुखलं.

सही: रेल्मा तोकुबाक

साक्षीदार:
१. किला वागी, वेधशाळा (आग्नेयेच्या वाऱ्याची गोष्ट खरी आहे)
२. तोमिल तोवारपिन, धर्मशिक्षक (छत्री मिळाल्यास घेईन)

स्थळ: वुनातिप
दिनांक: ९ जून २०२४