बारा खटके आणि एक लिफ्ट

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या फक्त कागदावर वाकलो आहे). मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? मामी अजून माझ्यावर रागावलेल्या आहेत का? इकडे सगळे मजेत. किती मजेत, तेच सांगायला हे पत्र.

तुम्ही निवृत्त झालात आणि महिनाभरात आपलं सबस्टेशन खासगी कंपनीच्या ताब्यात गेलं. आल्या आल्या त्यांनी भिंतींना राखाडी रंग दिला, आपली चहाची शेगडी बाहेर काढली आणि दारावर 'जास्तीची माणसं' म्हणून यादी डकवली. पहिलं नाव माझं. बावीस वर्षं तुमच्या हाताखाली काढली, दुसरं काही येत नाही, पोरीचं शिक्षण अर्ध्यावर. डबा तसाच परत नेला. घरी पोट बिघडल्याचं सांगितलं, तर बायकोने दोन दिवस नुसत्या भातावर ठेवलं.

मग परवा नव्या कारभाराचं उद्‌घाटन. नव्या साहेबांनी (वय तुमच्या चष्म्याएवढं असेल) सगळ्यांसमोर 'गोदाम' पाटीचा खटका पाडला. रिकाम्या गोदामाची वीज घालवून पडद्यावर दाखवायची, एवढाच बेत. पण गोदाम झगझगीत राहिलं आणि शेजारचं कंपनीचं मुख्य कार्यालय गपगार झालं. भाषणाला निघालेले कंपनीचे मोठे साहेब लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मध्ये. 'कार्यालय' पाटीचा खटका तर चालूच दिसतोय! म्हणजे बिघाड इमारतीतच, असं ठरलं आणि सहा जणांनी छत उचकटायला घेतलं. मी शांतपणे डबा खात होतो (परत भूक लागायला लागली होती). पाऊण तासाने कुणीतरी मला हाक मारली. मी हात धुतले, पुसले, आलो आणि 'गोदाम'चा खटका वर केला. लिफ्ट चालू!

टाळ्या पडल्या, मामा! मोठे साहेब घामाघूम बाहेर आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. कसं ओळखलंत, म्हणाले. मी म्हटलं, अनुभव. यादीतलं माझं नाव त्यांनी स्वतःच्या पेनाने खोडलं. आता मला साहेबांसारखी गोल फिरणारी खुर्ची आहे आणि पदवीवाले इंजिनियर मला 'सर' म्हणतात. शेगडीही परत आली. बायको तर पोळ्या वाढताना थांबायचं नावच घेत नाही. आजवर कुणाला इतकं जिंकलेलं तुम्ही पाहिलं नसेल, असा सध्या तुमचा भाचा दिसतो.

तुमचा आज्ञाधारक,
सर

ता. क. : सोमवारपर्यंत बाराही खटक्यांच्या खऱ्या पाट्या लिहून द्यायच्या आहेत. मला तो एकच माहीत आहे, कारण कार्यालयाच्या त्या इमारतीत पूर्वी आपलं कॅन्टीन होतं आणि चहाला उशीर झाला की तुम्ही तोच पाडायचात. बाकीच्या वेळी तुम्ही सांगायचात आणि मी मान डोलवायचो. मागे पाट्या रंगवल्यावर तुम्ही त्या वाळतील तशा टांगल्या होत्यात, तो क्रम आठवतो का? पट्टी सोडली असेल डोळ्याची, तर रविवारीच निघा.

दुसरा ता. क. : पाट्या चुकीच्या कुणी टांगल्या, असं साहेबांनी विचारलं होतं. माझ्या मामांनी, पण ते आता हयात नाहीत, असं मी सांगून बसलोय. दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजलीही झाली. तेव्हा इथे कुणी विचारलं, तर तुम्ही माझे काका.