जकातघरातले लाकडी घोडे

तीर्थरूप मामा आणि मामी, दोघांच्याही पायांवर डोकं ठेवतो (मधे अख्खा समुद्र आहे, तेव्हा हे काम सध्या कागदावरच उरकतो). मामांचा गुडघा आता कसा आहे? तिकडच्या थंडीत बाहेर पडताना मामा कानटोपी घालतात ना, असं सौ.ने मुद्दाम विचारलंय. आम्ही मजेत आहोत. खिडक्यांना पुन्हा काचा लागल्या, सकाळी नळाला पाणी येतं, आणि युद्धभर रेशनच्या रांगा आवरणारा तुमचा भाचा पुन्हा जकातघरातल्या आपल्या जुन्या टेबलाशी जाऊन बसलाय. टेबलाचा एक पाय कोणीतरी सरपणाला नेला होता. बाकीचं टेबल जागेवर सापडलं, यातच मी समाधानी आहे.

बंदर उघडल्याचं तुम्ही तिकडच्या पेपरात वाचलंच असेल. पण बंदर उघडणं निराळं आणि त्यात बोट येणं निराळं. युद्धाने तिजोरी पार खरवडून नेलेली. परदेशी माल येईल, त्यावर जकात बसेल आणि त्या पैशातून पडलेले पूल उभे राहतील, असं अर्थमंत्री भाषणात सांगून मोकळे झाले होते. त्यामुळे राजधानीतून आम्हाला रोज फोन, किती जमले म्हणून. आमचे मोठे साहेब खुर्चीतून उठून, कोटाचं बटण लावून, अजून बोट दिसत नाही असं सांगायचे. (फोनवर उभं राहिलेलं पलीकडे दिसत नाही, हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती.)

अखेर तार आली की पहिली बोट निघाली आहे आणि मालात घोडे आहेत. साहेबांचा चेहराच उतरला, कारण शेतीला जनावरं उरली नाहीत म्हणून सरकारने त्यांच्यावरची जकात माफ केलेली. तरी पाहुणचारात कसूर नको, म्हणून आम्ही गवत आणलं, पाण्याची पिंपं भरली आणि गुरांच्या डॉक्टरांना धक्क्यावर उभं केलं. बोटीतून उंच, अरुंद खोकी उतरली. डॉक्टरांनी एका खोक्याला कान लावला आणि श्वास चालत नाही असं गंभीरपणे सांगितलं. खोकं फोडलं तर आत लाकडी घोडे! तांबडे, काळे, पांढरे, सोनेरी आयाळीचे, आणि प्रत्येकाच्या पाठीतून पोटापर्यंत आरपार भोक. डॉक्टर जे रागावून गेले ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. साहेब मात्र खुलले. खेळणी म्हणजे चैनीचा माल, आणि चैनीवर सगळ्यात जास्त जकात.

एवढ्यात त्या घोड्यांची मालकीण आली. मामा, स्टेशनमागच्या बागेतली घोड्यांची चक्री तुम्हाला आठवत असेल. नवरा चक्री फिरवायचा आणि ही बाई तिकिटं फाडायची. बॉम्ब पडायला लागले तेव्हा त्यांनी घोडे शेवटच्या बोटीने परदेशात दिराकडे पाठवून दिले. घोडे वाचले, नवरा वाचला नाही. आता दिराने ते परत पाठवले होते. आपलाच माल परत आला तर त्यावर जकात नसते, असं ती म्हणाली. नियम तसाच आहे, असं मीही म्हणालो (साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं). पण माल इथूनच गेला होता याचा पुरावा लागतो, आणि तिचे कागद घराबरोबर जळालेले. जकात भरायची तिची ऐपत नव्हती. न भरली तर लिलाव. फर्निचरवाला तर आवारात येऊन घोड्यांच्या पाठी ठोकून लाकूड बघायलाही लागला होता.

साहेबांनी पुरावा मागितला. बाई शांतपणे म्हणाली, "कागद जळाले, साहेब. गाव तर आहे ना? गावाला विचारा."

कोण येतंय, या भरवशावर साहेबांनी घोडे आवारात मांडायला लावले आणि फाटक उघडलं. लोक जे लोटले म्हणता! एका सुताराने लांबूनच सांगितलं की करड्या घोड्याच्या गुडघ्याला निराळ्या लाकडाचा जोड आहे, तो मीच दिलाय. पाहिलं तर खरंच होता. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई काळ्या घोड्याच्या गळ्यात हात टाकून उभ्या राहिल्या. तेवढ्यात माझा डबा घेऊन सौ. आली. तिने सगळ्यांच्या देखत सांगितलं की लग्नाआधी हे मला मोठ्या ऐटीत चक्रीवर घेऊन आले होते, आणि या पांढऱ्या घोड्यावर यांनाच चक्कर आली, मी धरून उतरवलं. जबान्या लिहायचं काम माझ्याकडे, त्यामुळे माझी फजिती मीच माझ्या अक्षरात लिहून खाली तिची सही घेतली.

साहेब तरी बधले नव्हते. हे सगळं तोंडी आहे, असं पुटपुटत ते रांगेतून फिरत होते. एका तपकिरी घोड्यापाशी मात्र थांबले. त्याचा एक कान अर्धाच होता. त्या तुटक्या कानावरून त्यांनी कितीतरी वेळ बोट फिरवलं.

"हा मी तोडला होता," ते हळूच म्हणाले. "आई खाली उतरवत होती, आणि मी सोडत नव्हतो."

मग त्यांनी माझ्याच हातातलं पेन घेऊन जकात माफ केली. फर्निचरवाला निघून गेला. चक्री आता बागेत पुन्हा फिरते. रविवारी साहेब तपकिरी घोड्यावर बसलेले दिसतात, पाय जमिनीला घासू नयेत म्हणून गुडघे वर धरून, ऑफिसातलाच चेहरा करून. आम्ही नमस्कार करतो, तेही करतात, आणि पुढे जातात. बाई तिकिटं फाडते. एकूण बरं चाललंय.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. पेपरातलं कात्रण सोबत पाठवतोय: "युद्धानंतरची पहिली जकात जमा, परराष्ट्र व्यापाराचा शुभारंभ." घोडे तर माफ झाले, मग जमा काय झालं, असं तुम्हाला वाटेल. त्याच बोटीने तुमचं पार्सल आलं. मामींनी सौ.ला पाठवलेली सेंटची बाटली चैनीच्या मालात मोडते, आणि राजधानीला "काही नाही" सांगायची साहेबांची तयारी नव्हती. मीच किंमत ठरवली, मीच पैसे भरले आणि मीच मला पावती दिली. बाटली सौ.ला फार आवडली. देशाचं आजवरचं जकातीचं सगळं उत्पन्न म्हणजे ती बाटली.

आणखी एक ता. क. या महिन्यात उत्पन्न दुप्पट होईल, असं अर्थमंत्र्यांनी काल जाहीर केलंय. दुसऱ्या कुठल्या मालाची खबर नाही. तेव्हा मामा, पुढच्या टपालाने दोन बाटल्या पाठवा. वास कसलाही चालेल, किंमत मात्र जरा चढवून लिहा.